खालच्या घराचा नळ

विद्युल्लताबाईंचा अंगठा काही केल्या उठेना.

घरांची दलाली करणाऱ्या चांगदेवने ठसा घेणारं काडेपेटीएवढं ते यंत्र रुमालाने पुसलं, लॅपटॉपची वायर काढून पुन्हा खोचली आणि बाईंचा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरून काचेवर टेकवला. लाल दिवा लागला, विझला. पडद्यावर नकाराची तीच ओळ आली.

“चौथ्यांदा,” केसरीनाथ म्हणाले. कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नव्हतं.

“खडूनं खाल्लाय बाईंचा अंगठा,” चांगदेव हसला. “चाळीस वर्सं फळ्यावर घासला. रेघाच न्हाय उरल्या.”

“शेलार गावच्या शाळेत तुझ्याच वर्गावर जास्त खडू गेला,” बाई म्हणाल्या. सगळे हसले. चांगदेवही हसला, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

रविवारची सकाळ होती. मुलगा मिहिर आणि सून नीरजा ठाण्याहून आठलाच येऊन पोचली होती. धाकटे दीर केसरीनाथ यांना मागच्या आळीतून बोलावून घेतलं होतं. या घरातल्या कुठल्याही कागदावर सही व्हायची तर आधी तो त्यांनी वाचायचा. आजचा कागद खालच्या घराचा होता. नऊ वर्षं तिथे इक्बाल, त्याची बायको नूरी आणि मुलगी अलिजा राहत होती. एक तारखेपासून तिथे पूर्णा गावातल्या एका गोदाम कंपनीची माणसं येणार होती.

“यात ‘पाच इसम’ असं लिहिलंय,” केसरीनाथांनी चष्मा कपाळावर चढवला. “इसम म्हणजे कोण? नावं नकोत?”

“काका, कंपनी आहे,” मिहिर म्हणाला. “शिफ्टची माणसं, बदलत राहतात. भाडं कंपनी भरणार, आत्ताच्या दीडपट. आईला कसली कटकट नाही.”

“कटकट होती कुठे?” बाई म्हणाल्या.

नीरजा समजुतीच्या सुरात म्हणाली, “आई, ते आपणहून जातायत ना. आपण थोडंच काढतोय त्यांना?”

हेच तर बाईंना सलत होतं. दहा दिवसांपूर्वी चांगदेवने जिन्यातच बातमी दिली होती. इक्बालभाईंनी कोन गावात फ्लॅट बघितलाय, महिनाअखेर जातायत. “तुम्हाला सांगायला त्यांना लाज वाटते, बाई. तुम्ही विषय काढू नका. आनी अलिजाला तर मुळीच इचारू नका. दहावीचं वरीस हाय, पोरीला अजून सांगितलं न्हाय.”

बाईंनी विषय काढला नाही. काढायचा नाही, ही त्या घराची रीतच होती.

ती बाईंच्या नवऱ्याने, हरीभाऊंनी घालून दिलेली. खालचा मजला पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, “त्यांची पोरं तुझ्याकडे शिकायला वर येणार. आपल्या आईबापांना बाईंसमोर भाड्यासाठी मान खाली घालताना पोरांनी बघू नये. घराचं जे काय बोलणं असेल ते मधल्या माणसाने करावं. आणि एकदा घर दिलं की उंबऱ्याच्या आतलं त्यांचं. मालक म्हणून आपण आत पाऊल टाकायचं नाही.”

हरीभाऊंना जाऊन सहा वर्षं झाली. रीत राहिली. इक्बाल आणि नूरी राहायला आली तेव्हा घराचं बोलणं आपल्यामार्फतच करायचं, एवढा भाग चांगदेवनेच त्यांच्या कानावर घातला होता, आणि त्यांनीही तो अदबीने पाळला. दर अकरा महिन्यांनी एकाच कागदावर दोन्ही घरांचे अंगठे उठायचे, पण एका खोलीत कधी नाही. चांगदेव आधी वर यायचा, मग यंत्र घेऊन खाली जायचा.

बाकी बोलायला दुनिया होती. लोणच्यातलं मीठ, इक्बालच्या कारखान्यातले बंद पडलेले कापडाचे लूम, अलिजाचे गणिताचे गुण. दर शुक्रवारी नूरी एक ताटली वर आणून द्यायची आणि बाई ती कधी रिकामी परत पाठवत नसत. दोन वर्षांपूर्वी बाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा छतावरचा तो आवाज ऐकून नूरी हातातलं पीठ तसंच घेऊन धावली होती. मिहिर ठाण्याहून येऊन पोचला तोवर बाईंच्या पायाला प्लास्टर बसलं होतं आणि प्लास्टरच्या कडेला पिठाची बोटं उमटली होती.

या दहा दिवसांत मात्र नूरी जिन्यात भेटली की ओढणी सारखी करून निघून जायची. शुक्रवारी ताटली आली नाही. बाईंना लागलं ते. नऊ वर्षं राहिली, जाताना दोन शब्द तरी बोलावेत, असं मनात यायचं, आणि मग त्या मनातच स्वतःला दटावायच्या. अलिजा तेवढी रोज संध्याकाळी भूमितीची वही घेऊन वर येत होती. प्रमेय बरोबर सोडवायची, पण मान वर करत नव्हती.

“कोमट पान्यात बुडवा अंगठा, बाई,” चांगदेव म्हणाला. “पाच मिनिटं. मऊ झाला की उठंल. मला अकराला दुसरीकडं जायाचं हाय.”

नीरजा उठायला लागली. बाईंनी तिला हातानेच बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या.

पातेल्यातल्या पाण्यात अंगठा धरून त्या ओट्याशी उभ्या होत्या, तोच मागच्या जिन्याच्या उघड्या दारावर टकटक झाली. नूरी होती. हातात झाकलेलं ताट.

“सांदणं केली. तुम्हाला आवडतात म्हणून. नारळाचं दूध वेगळं ठेवलंय, गूळ घालून.” ताट पुढे करून ती दारातच थांबली. “आणि बाई, ताट परत पाठवू नका. आता राहू दे तुमच्याकडंच.”

विषय काढायचा नव्हता. “कोनला हवा चांगली आहे म्हणतात,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“असेल.” नूरीने ओट्यावर ताट ठेवलं, जायला वळली, आणि पुन्हा फिरली. “एक विचारू? रागावू नका. मिहिरदादांना जागा पाहिजे, बरोबर आहे. घर तुमचं आहे, हमारा कुछ कहना नहीं. पण परीक्षेला पाच हफ्ते राहिलेत, बाई. तेवढ्यापुरता तुम्ही दादांकडे एक शब्द टाकला असता तर? आमच्याकडून काही चूक झाली का?”

बाईंचा अंगठा पाण्याबाहेर आला.

“मिहिरला जागा पाहिजे, हे तुला कोणी सांगितलं?”

“चांगदेवभाऊंनी.”

“काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग.”

“की बाईंचा मुलगा घर खाली करायला सांगतोय. बाईंना तोंडावर बोलवत नाही. त्यांना बीपी आहे, त्यांच्याकडे विषय काढू नका. कोनचं घरपण त्यांनीच दाखवलं. अलिजाच्या अब्बांनी टोकन दिलं त्यांच्याकडं.” नूरीचा आवाज खाली गेला. “तिथून शाळेला दोन रिक्षा बदलायच्या. ती म्हणते, अम्मी, मी करीन. आणि उशीत तोंड खुपसून रडते.”

“आणि मला सांगितलं,” बाई सावकाश म्हणाल्या, “की तुम्ही आपणहून चाललात. लाजेने सांगत नाही आहात.”

नूरीने कपाळावर हात मारून घेतला. “या अल्ला! आणि मी दहा दिवस तुमच्यावर नाराज!”

“आणि मी तुझ्यावर.”

नूरीला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. बाईंनी ओल्या हातानेच तिचा खांदा दाबला.

चाळीस वर्षांत बाईंनी पोरांची शेकडो भांडणं सोडवली होती, आणि त्यांतली निम्मी अशीच असायची. हा म्हणतो की तो म्हणाला, तो म्हणतो की ती म्हणाली. त्यावरचं त्यांचं औषध सगळ्या शाळेला ठाऊक होतं. भांडणाऱ्या दोघांना फळ्यापाशी समोरासमोर उभं करायचं, आणि ज्याने त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं तेवढंच बोलायचं.

“इक्बाल घरात आहे?”

“आहेत.”

“त्याला बोलाव. अलिजालाही आण. आणि या मागच्या जिन्याने नाही, पुढच्या दाराने या.”

बाहेर चांगदेव यंत्राशी खटपट करत होता. “झाला का मऊ, बाई?”

“बस थोडा. वर्ग भरायचाय.”

इक्बाल आला तो चपला काढून दारापाशीच उभा राहिला. शेजारी नूरी, आणि तिच्या मागे अर्धी लपलेली अलिजा. त्यांना पाहून चांगदेवने लॅपटॉप मिटला. “मी येतो मग संध्याकाळच्याला...”

“चांगदेव, फळ्यापाशी ये.”

दिवाणखान्याच्या भिंतीवर बाईंचा शिकवणीचा फळा होता, कालचा त्रिकोण अजून त्यावर तसाच. पन्नाशीला टेकलेला, गळ्यात सोन्याची साखळी घातलेला तो माणूस उठला आणि निमूट त्या फळ्याशेजारी जाऊन उभा राहिला. पायांना सवय होती.

“इक्बाल, तू माझ्यासमोर ये. मी तुला कधी घर सोड म्हणाले? तुझ्या कानांनी ऐकलंस?”

“नाही, बाई.”

“आता तू मला विचार.”

इक्बालने एकदा नूरीकडे पाहिलं. “आम्ही... आम्हाला जायचंय, असं आम्ही कधी बोललो?”

“नाही बोललात.”

केसरीनाथांनी हातातला मसुदा टेबलावर ठेवला. “दोन्ही पक्षकार गैरहजर आणि निकाल झालेला! कोर्टातसुद्धा असं बघितलं नाही मी.”

“थांबा, काका.” मिहिर उठून उभा राहिला. “चांगदेव, तू मला फोनवर म्हणालास, ते सोडतायत.”

“दादा, दिवाळीला तुमीच बोलला व्हता. कंपनीचं कुनी असंल तर बघून ठेव म्हनून.”

सगळ्यांच्या माना मिहिरकडे वळल्या. त्याचा चेहरा उतरला. “ते मी... घर रिकामं झालं तर, असं म्हणालो होतो.”

“तुमी रिकामं झालं तर म्हनलात,” चांगदेव पुटपुटला, “मी रिकामं केलं.” आणि त्याने आपणच मान खाली घातली.

“असं बोलला होतास तू?” इतका वेळ नवऱ्याच्या बाजूने बसलेली नीरजा आता सरळ झाली. “मला का नाही सांगितलंस?”

“अगं, आईला चार पैसे जास्त...”

“आईंनी मागितले होते? त्या पडल्या तेव्हा कोण धावलं होतं, मिहिर? कंपनी धावली असती? पाच इसम?”

“पाच इसम,” केसरीनाथ म्हणाले, खिशातलं पेन काढलं आणि मसुद्यावर आडवी रेघ मारली.

मिहिर दोन पावलं पुढे आला. “इक्बालभाई, चूक माझी आहे. सोडतायत असं ऐकल्यावर मी जिना उतरून एकदा तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“आम्हीपण जिना चढलो नाही, दादा,” इक्बाल म्हणाला.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. “तुझं काय म्हणणं, चांगदेव?”

“काय बोलू, बाई. दोन्हीकडनं दलाली मिळनार व्हती. कोनच्या घराची येगळी. खोटं न्हाय बोलत आता.” त्याने साखळीशी चाळा केला. “तुमी लोक एकमेकांना कधी इचारतच न्हाय. मला वाटलं, न्हाय कळायचं.”

बाईंना वाटलं, सकाळपासूनच्या बोलण्यात यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत खरं आहे. वरच्या आणि खालच्या घराच्या मधली जागा दोघांनी मिळून, सौजन्याने, नऊ वर्षं मोकळी ठेवली होती. कुणीतरी तिचा उपयोग करणारच होतं.

“इक्बालचं टोकन आजच्या आज परत,” त्या म्हणाल्या.

“आत्ता लावतो फोन.”

“कंपनीलाही तूच कळव. आणि इथून पुढे या घरात मधला माणूस नको. आता दुसरं ऐक.” बाईंचा आवाज तोच होता, वर्गात शाबासकी देतानाचा. “नऊ वर्षांपूर्वी यांना तू आणलंस. तेव्हा आळीतल्या चौघांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. तू म्हणालास, बाई, मानसं चांगली हायत, माझ्यावर इस्वास ठेवा. मी ठेवला आणि ते खरं निघालं. माझं म्हातारपण या मुलीच्या हाकेच्या अंतरावर गेलं, ते तुझ्यामुळे. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नव्हते. आज बोलते.”

रागावल्या असत्या तर चांगदेवने ते ऐकून घेतलं असतं, त्याची तयारी होती. हे त्याला झेपेना. तोंड फिरवून तो फळ्याकडे वळला, हाताला डस्टर लागलं ते उचललं आणि उगाचच पुसायला लागला.

“त्रिकोण पुसू नको,” बाई म्हणाल्या. “अलिजाचा आहे.”

केसरीनाथांनी कोरा कागद घेतला. “नावं लिहितो. इक्बाल, नूरी, अलिजा. अकरा महिने. आता अटी बोला दोघं. तोंडाने बोला, समोरासमोर.”

इक्बाल पंख्याकडे बघत राहिला. हजारो पोरांपुढे आवाज न अडखळलेल्या बाईंनाही घराबद्दलचं पहिलं वाक्य सापडेना.

“काही अडचण असेल तर सांग ना, इक्बाल.”

“नाही, बाई. सगळं ठीक आहे.”

“अब्बा, नळ,” अलिजा मागून म्हणाली.

“चूप.”

“कसला नळ?” बाईंनी विचारलं.

“मोरीतला, बाई. चार वर्षं ठिबकतोय.” अलिजा आईच्या मागून बाहेर आली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिची मान वर होती. “मी खाली बादली लावून अभ्यास करते. एका प्रमेयाला पाव बादली भरते.”

“चार वर्षं! इक्बाल, अरे, तू अख्खा लूम खोलून पुन्हा जोडतोस. नळ नाही जमला तुला?”

इक्बाल ओशाळला. “चांगदेवभाऊंकडून विचारलं होतं, मी बदलू का म्हणून. ते म्हणाले, बाईंना घराला कुणी हात लावलेला आवडत नाही.”

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं.

“इसरलो व्हतो बाईंना इचारायला,” चांगदेव म्हणाला. “मग काहीतरी सांगाया पायजे ना.”

आधी केसरीनाथ हसले, मग मिहिर, आणि मग कुणालाच आवरेना. इक्बालने डोळे पुसले.

“थांबा, माझंही आहे,” बाई म्हणाल्या. त्यांना एकदम हुशारी आली होती. “तुमची ती जाड सतरंजी माझ्या कठड्यावर वाळत घालता. आठवडा आठवडा तिथेच असते. माझी तुळस झाकली जाते.”

“मग सांगायचं ना, बाई!”

“सांगितलं की आत्ता.”

“आणि तुमच्या लहान पोरांचे पाढे,” नूरीनेही पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली. “दुपारी तीनला. मी कधी झोपत नाही नऊ वर्षं. मलापण पंचवीसपर्यंत पाठ झालेत.”

“लिहू का?” केसरीनाथांनी विचारलं.

“लिहा, भाऊजी. चार वाजता करते मी. आणखी काय? बोल, नूरी, आणखी बोल.”

“एक आहे. पण ते कागदावर नको.”

“बरं, नको.”

“नऊ वर्षं मी ताट घेऊन वर येते. तुम्ही कधी खाली येऊन बसला नाहीत. ईदलासुद्धा दारातूनच. मी म्हटलं, असेल बाईंचं काही सोवळंओवळं. मी वाईट मानलं नाही, बाई, खरंच. पण अलिजा लहान असताना विचारायची, बाई आपल्या घरात का नाही येत? मी काय सांगणार?”

बाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या.

“अगं, हे म्हणाले होते... मालकाने भाडेकरूच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. घर तपासायला आल्यासारखं तुम्हाला वाटू नये, म्हणून. तुमचा मान म्हणून, नूरी.”

जिन्याच्या दोन्ही टोकांना एकच गोष्ट इतकी वेगळी दिसत होती, आणि ती विचारायला जिन्याच्या मध्यापर्यंतही कुणी कधी आलं नव्हतं.

त्या उठल्या. “नीरजा, ओट्यावरचं ताट आण.”

“कुठे, आई?”

“खाली. सांदणं खालीच खायची आज.”

“वहिनी, अंगठा राहिलाय,” केसरीनाथ म्हणाले.

“राहू दे. यंत्र घेऊन चांगदेव बसेल. तुला अकराला जायचं होतं ना रे?”

“न्हाय, बाई,” चांगदेव म्हणाला. “बसतो मी.”

अलिजा पुढे धावली. बाई मोडून सांधलेल्या पायाने एकेक पायरी उतरत गेल्या, एक हात कठड्यावर, एक नूरीच्या हातात. उंबऱ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या. तुमची रीत चांगली होती, त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याला सांगितलं. पण आता पुरे. आणि पाऊल आत टाकलं.

फरशी त्यांनीच निवडलेली होती. तिचा रंग त्या विसरूनही गेल्या होत्या. आतल्या दारावर एक पिवळा पडलेला कागद चिकटपट्टीने चिकटवला होता. त्यावर बे ते दहाचे पाढे होते, त्यांच्याच अक्षरात. पहिलीतल्या अलिजाला त्यांनी लिहून दिलेले.

नूरीने घाईघाईने सतरंजी अंथरली. तीच, जाड. बाई तिच्यावर बसल्या आणि बोटांनी तिचं सूत चाचपलं. ताट मधे आलं. नारळाच्या दुधाची वाटी हातोहात फिरली.

मोरीतून आवाज आला. टप्. आणि थोड्या वेळाने पुन्हा, टप्.

इक्बाल अपराध्यासारखा उठला आणि फळीवरचा पाना काढायला लागला.

“बस रे,” बाई म्हणाल्या. “आधी खाऊन घे. मला ऐकू दे जरा.”